पक्षाघाताचा स्कॅन आणि डोळ्यांचे भिंग : लॉस एंजेलिसमधील अतिरिक्त किरणमात्रेचे प्रकरण

लॉस एंजेलिस शहरातील सीडर्स-सायनाय मेडिकल सेंटर या नामांकित रुग्णालयात ऑगस्ट २००९ मध्ये एका रुग्णाने अशी तक्रार केली, की मेंदूचा सीटी स्कॅन झाल्यानंतर आपल्या डोक्याच्या एका भागातील केस झडले आहेत. सीटी स्कॅनमुळे केस झडणे इतके विरळ आहे, की त्या तक्रारीची दखल घेणे भाग होते. रुग्णालयाने मागचे तपशील काढले तेव्हा ध्यानात आले, की फेब्रुवारी २००८ पासून, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष, पक्षाघाताच्या संशयावरून मेंदूचा ‘परफ्यूजन’ सीटी करवून घेतलेल्या रुग्णांना अपेक्षेच्या कितीतरी पट किरणमात्रा दिली जात होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ८ ऑक्टोबर २००९ रोजी काढलेल्या सूचनेत रुग्णांची संख्या २०६ दिली होती. या तपासणीत डोक्याला मिळणारी मात्रा फार तर ०.५ ग्रे (ग्रे हे शरीराने शोषलेल्या किरणांचे एकक) असायला हवी होती, ती प्रत्यक्षात ३ ते ४ ग्रे इतकी मिळाली होती. सुमारे ४० टक्के रुग्णांचे केस पट्ट्यापट्ट्याने गेले होते आणि काहींची त्वचा लाल झाली होती. पुढे या एकाच रुग्णालयातील बाधितांचा आकडा अडीचशेच्या वर गेला.

वर्तमानपत्रांत गाजले ते केस, कारण ते दिसतात आणि त्यांची छायाचित्रे छापता येतात. वास्तविक तात्पुरते गेलेले केस बहुधा काही महिन्यांत परत येतात. काही आठवड्यांनी रुग्णालयानेच दिलेली दुसरी माहिती वैद्यकीयदृष्ट्या अधिक गंभीर होती : बाधितांपैकी सुमारे एक पंचमांश रुग्णांच्या डोळ्यांचे भिंग थेट किरणांच्या झोतात आले होते आणि त्यांना मोतीबिंदूचा धोका वाढला होता. या नोंदीचा विषय तेवढाच आहे. बाकीच्या चार पंचमांश रुग्णांनाही तीच वाढीव मात्रा मिळाली, तरी त्यांचे डोळे झोतातून सुटले. यंत्र, चूक आणि तपासणी या तिन्ही गोष्टी समान असताना हा फरक कशामुळे पडला, याचे उत्तर शोधले की रुग्णाच्या डोळ्यांचे रक्षण प्रत्यक्षात कुठे होते आणि कुठे होत नाही, हे बरेचसे उलगडते.

तपासणी कशी होते

परफ्यूजन सीटी म्हणजे मेंदूत रक्त किती आणि किती वेगाने फिरते याचे मोजमाप. हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त द्रव वेगाने सोडतात आणि तो मेंदूत शिरून बाहेर पडेपर्यंत एकाच जागेच्या प्रतिमा पुन्हा पुन्हा घेत राहतात. पाटाचे पाणी सोडल्यावर कोणत्या वाफ्यात ते लवकर पोचले, कोणत्यात रेंगाळले आणि कोणता कोरडाच राहिला हे पाहावे, तसाच हा प्रकार. कोरडा भाग मेलेला असतो. रेंगाळलेला भाग वेळेत रक्तवाहिनी मोकळी केल्यास वाचू शकतो. गुठळी विरघळवणारे औषध देण्याची मुदत तीन तासांवरून साडेचार तासांपर्यंत वाढवता येते, हे दाखवणारी युरोपीय चाचणी २००८ सालीच प्रसिद्ध झाली होती, त्यामुळे त्या काळात या तपासणीकडे डॉक्टरांचा ओढा वाढणे स्वाभाविक होते. हे आधी सांगण्याचे कारण असे, की या प्रकरणात कोणालाही अनावश्यक तपासणी केल्याचा दोष देता येत नाही. तपासणी योग्य होती, रुग्ण योग्य होते, घाईही खरी होती.

साध्या सीटीत टेबल पुढे सरकत जाते आणि डोक्याच्या प्रत्येक भागावरून झोत एकदाच जातो. परफ्यूजनमध्ये त्या काळच्या बहुतेक यंत्रांवर टेबल हलतच नसे. सुमारे चार सेंटिमीटर रुंदीचा एक पट्टा ठरवायचा आणि पाऊण-एक मिनिट त्याच पट्ट्यावर क्ष-किरण नळी फिरवत ठेवायची. तेव्हा मात्रा साचते ती त्या पट्ट्यातच. पट्ट्याबाहेरच्या भागाला पोचतात ते विखुरलेले किरण. त्यांचे प्रमाण थेट झोताच्या मानाने फारच थोडे असते. रुग्णांचे केस पट्ट्याच्याच आकारात झडले, याचेही कारण हेच. जपानमधील डॉक्टरांनी २००५ साली असे डोक्याभोवती पट्टा ओढल्यासारखे केस गेलेले रुग्ण नोंदवले होते; त्यांच्यात परफ्यूजन सीटी आणि रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्रण थोड्या दिवसांच्या अंतराने झाले होते. सीडर्स-सायनायमध्ये मात्र एकट्या परफ्यूजननेच ती पातळी गाठली.

पट्टा कुठे बसवला

कन्सोलवर, म्हणजे यंत्राच्या नियंत्रण-पडद्यापाशी, बसलेला तंत्रज्ञ आधी डोक्याचे बाजूने एक सपाट चित्र घेतो. त्यात कवटीची कड, नाकाचे हाड, डोळ्याच्या खोबणीचा वरचा काठ, कानाचे छिद्र आणि मानेचे पहिले मणके स्पष्ट दिसतात. या चित्रावर तो माऊसने एक चौकट ओढतो. ही चौकट म्हणजेच तो चार सेंटिमीटरचा पट्टा. मेंदूच्या मध्यभागातील केंद्रके (चेतापेशींचे पुंजके) आणि मधल्या मोठ्या धमनीचा प्रदेश चौकटीत यावा एवढी वैद्यकीय अट असते. चौकट सरळ उभी ठेवली आणि रुग्णाची हनुवटी वर असली, तर तिचा पुढचा खालचा कोपरा खोबणीत उतरतो. तीच चौकट खोबणीच्या वरच्या काठापासून कवटीच्या मागच्या तळाकडे उतरेल अशी तिरकी केली, म्हणजे गॅन्ट्री (ज्यात नळी फिरते तो यंत्राचा गोल भाग) झुकवली किंवा उशी लावून हनुवटी छातीकडे घेतली, तर मेंदूचा हवा तो भाग आत राहतो आणि दोन्ही डोळे बाहेर राहतात. चित्रात हा फरक बोटभर रेघेचा दिसतो. भिंगाच्या दृष्टीने मात्र एकीकडे संपूर्ण मात्रा आणि दुसरीकडे तिचा लहानसा अंश, इतके ते अंतर आहे.

बाधितांपैकी एक पंचमांशांचे डोळे झोतात आले आणि बाकीच्यांचे आले नाहीत, याचा भौमितिक अर्थ चौकटीच्या जागेपलीकडे फारसा असू शकत नाही. पक्षाघाताचा रुग्ण अनेकदा अर्धवट शुद्धीत असतो, मान वळवलेली असते, कधी मानेला पट्टा असतो, आणि रात्रपाळीला एकटा तंत्रज्ञ असतो. अशा वेळी हनुवटी खाली घेणे जमतेच असे नाही. तरीसुद्धा गॅन्ट्री झुकवण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते आणि ती वापरायला काही सेकंद लागतात. चौकट तिरकी हवी हे रुग्णालयाच्या लेखी पद्धतीत नमूद आहे की ते ड्यूटीवरच्या माणसाच्या सवयीवर सोडले आहे, हा खरा प्रश्न आहे.

आकडा कसा चढला

रुग्णालयाच्या निवेदनानुसार, पक्षाघाताच्या डॉक्टरांना अधिक उपयुक्त माहिती मिळावी म्हणून फेब्रुवारी २००८ मध्ये यंत्राबरोबर आलेली मूळ मांडणी (स्कॅनसाठी आधीच ठरवून ठेवलेले आकडे आणि पर्याय) बाजूला ठेवून नवी मांडणी भरण्यात आली. ती भरताना यंत्राने आपणहून लावलेल्या एका अंतर्भूत पर्यायाबद्दल गैरसमज झाला. पुढे वृत्तपत्रीय शोधातून आणि सरकारी तपासातून जे चित्र समोर आले त्याचा गाभा स्वयंचलित मात्रानियंत्रणाशी निगडित होता. ही सोय मुळात रुग्णाच्या हितासाठी आहे : शरीराचा भाग पातळ असेल तिथे नळीचा विद्युतप्रवाह कमी करायचा, जाड असेल तिथे वाढवायचा. त्यामुळे ती चालू असली म्हणजे मात्रा कमीच होणार, असा समज सर्वत्र पसरला होता. प्रत्यक्षात ही सोय मात्रेचे काहीच पाहत नाही; ती पाहते प्रतिमेचा दाणेदारपणा. वापरणाऱ्याने ‘मला इतकी स्वच्छ प्रतिमा हवी’ असा निर्देशांक भरला, की तेवढी स्वच्छता मिळेपर्यंत यंत्र प्रवाह वाढवत नेते, आणि निर्देशांक फार कडक असला तर थेट कमाल मर्यादेला जाऊन थांबते.

परफ्यूजनला मुळात स्वच्छ प्रतिमेची गरजच नसते. एकाच ठिकाणच्या पन्नास-साठ प्रतिमांमधला चढउतार मोजायचा असल्याने एकेक प्रतिमा खरखरीत असली तरी चालते. म्हणूनच या तपासणीत विद्युतदाब ८० किलोव्होल्ट इतका कमी ठेवतात, ज्यामुळे आयोडीनही अधिक उठून दिसते, आणि प्रवाह हाताने एका ठरावीक आकड्यावर बांधून टाकतात. टेबल स्थिर असताना जाड-पातळ भागांनुसार प्रवाह बदलण्याला तसाही अर्थ नाही. पुढे अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने परफ्यूजनच्या आदर्श मांडण्या जाहीर केल्या, त्यात स्वयंचलित नियंत्रण बंद ठेवावे असे स्पष्टच लिहिले. रुग्णालय आणि उत्पादक कंपनी यांच्यात जबाबदारी कोणाची यावरून वाद झाला तो झाला. माझ्या मते दोघांच्या मधली जागाच रिकामी होती : यंत्र काय करते हे पुस्तिकेत होते, पण ज्याने मांडणी भरली त्याला ते उमगले होते का, हे पडताळणे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते.

याहून अस्वस्थ करणारी बाब दुसरी आहे. स्कॅन सुरू करण्यापूर्वी अपेक्षित मात्रेचा आकडा कन्सोलच्या पडद्यावर येतो आणि स्कॅननंतर मात्रेचे स्वतंत्र पान प्रतिमांसोबत साठवले जाते. अठरा महिने, प्रत्येक रुग्णाच्या वेळी, तो फुगलेला आकडा डोळ्यांसमोर होता. तो कोणी लपवला नाही. तो वाचायचा असतो असे कोणी ठरवले नव्हते, आणि वाचला तरी किती असायला हवा हे कन्सोलजवळ लिहिलेले नव्हते. प्रौढांच्या साध्या डोक्याच्या सीटीसाठी ‘अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी’ या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेचा संदर्भ-आकडा ७५ मिलिग्रे (ग्रेचा हजारावा भाग म्हणजे मिलिग्रे) आहे. ज्याच्या मनात एवढी एक खूणगाठ पक्की आहे, तो हजारांतला आकडा पाहून हात आखडता घेईल. येथे एक खुलासा आवश्यक आहे. पडद्यावरचा हा आकडा १६ सेंटिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यावर मोजलेल्या मात्रेवरून काढलेला असतो. तो अमुक रुग्णाच्या अमुक डोळ्याचा हिशेब नसतो, आणि टेबल स्थिर असताना तर तो त्वचेची खरी मात्रा काहीसा वाढवूनच दाखवतो. पण धोक्याची पाटी म्हणून तो पुरेसा आहे.

भिंगच का

डोळ्याचे भिंग किरणोत्सर्गाला शरीरातील सर्वांत संवेदनशील अवयवांपैकी एक का, याचे कारण त्याच्या रचनेत आहे. भिंगाला रक्तपुरवठा नाही. ते पारदर्शक तंतूंचे बनलेले असते, आणि हे तंतू त्याच्या समोरच्या पृष्ठभागावरील पेशींच्या पातळ थरातून आयुष्यभर तयार होत राहतात. या थराच्या कडेला विभाजन करणाऱ्या पेशी असतात. किरणांनी त्यांच्यात बिघाड केला, की त्यांच्यापासून नीट तंतू बनत नाहीत आणि त्या सदोष पेशी हळूहळू मागे सरकत भिंगाच्या पाठच्या आवरणाखाली गोळा होतात. इतर अवयवांत मेलेल्या पेशी रक्तावाटे वाहून नेल्या जातात. भिंगाला ती वाट नाही, कचरा आतच राहतो आणि तिथे धूसरपणा येतो. म्हणून किरणांमुळे होणारा मोतीबिंदू बहुतेकदा पाठीमागच्या आवरणाखालचा असतो; नजरेच्या नेमक्या मार्गात असल्याने तो आकाराने लहान असतानाही वाचताना आणि समोरून उजेड आल्यावर त्रास देतो. हे सगळे घडायला वर्षे लागतात, आणि मात्रा जितकी कमी तितका काळ जास्त.

किती मात्रेने हे घडते याबद्दलचे मत मधल्या काळात बदलले, आणि हा बदल या प्रकरणाला उलट्या दिशेने जाऊन भिडतो. सीडर्स-सायनायची बातमी आली तेव्हा प्रचलित मार्गदर्शनातला उंबरठा बराच वर होता. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेले लोक, चेर्नोबिलची साफसफाई करणारे कामगार आणि कॅथलॅबमध्ये, म्हणजे क्ष-किरणांच्या आधारे हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर उपचार करण्याच्या कक्षात, तासन् तास उभे राहणारे हृदयरोगतज्ज्ञ यांच्या पाहण्या एकत्र ठेवून आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने एप्रिल २०११ मध्ये सोल येथील बैठकीत तो ०.५ ग्रेवर आणला. या मात्रेला वीसहून अधिक वर्षांत शंभरातील एकाला दृष्टी कमी करणारा मोतीबिंदू होऊ शकतो, असा त्या उंबरठ्याचा अर्थ. त्याच निवेदनात किरणांशी काम करणाऱ्यांच्या भिंगासाठीची वार्षिक मर्यादा १५० मिलिसिव्हर्टवरून (क्ष-किरणांच्या बाबतीत हे एकक मिलिग्रेइतकेच धरता येते) पाच वर्षांच्या सरासरीने २० मिलिसिव्हर्टवर आणण्यात आली. रुग्णांना अशी मर्यादा लागू नसते, कारण त्यांच्या बाबतीत मात्रेच्या बदल्यात निदान मिळते. पण जीवशास्त्र दोघांचे एकच आहे.

आता अन्न व औषध प्रशासनाच्या सूचनेतला दुसरा आकडा पुन्हा पाहावा. या तपासणीतील अपेक्षित कमाल मात्रा ०.५ ग्रे. म्हणजे २०११ च्या मोजपट्टीने पाहिले तर, चूक झालीच नसती आणि तरीही डोळे चौकटीत आले असते, तर एकाच तपासणीत भिंग उंबरठ्याच्या आसपास पोचले असते. आठपट मात्रेची चूक सुधारल्याने केस वाचतात. डोळ्यांसाठी तेवढे पुरत नाही. त्यांच्यासाठी चौकट हलवावी लागते. २००९ च्या गदारोळात मात्रेवर जितके बोलले गेले त्याच्या दशांशानेही चौकटीवर बोलले गेले नाही, आणि तपासाचा हा भाग मला अपुरा वाटतो.

डोळे झाकले असते तर

हे प्रकरण ऐकल्यावर सामान्य वाचकाच्या आणि बऱ्याच कर्मचाऱ्यांच्याही मनात पहिला प्रश्न येतो तो आच्छादनाचा. क्ष-किरण म्हटले की शिशाचा ॲप्रन, हे समीकरण इतके रुजलेले आहे, की डोळ्यांवर काहीतरी ठेवले असते तर बरे झाले असते असे वाटणे साहजिक आहे. सीटीत मात्र नळी डोक्याभोवती पूर्ण गोल फिरते. शिशाचा तुकडा ठेवला तर त्या भागाची प्रतिमाच नष्ट होते. म्हणून बिस्मथ हा जड धातू मिसळलेल्या रबरी पट्ट्या पुढे आल्या, ज्या किरण पूर्ण अडवत नाहीत, थोडे शोषतात. त्यांनी भिंगाची मात्रा खरोखर कमी होते, हे मोजून दाखवलेले आहे. तरीही अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१२ साली त्यांच्या वापराविरुद्ध मत दिले, आणि त्यामागचा तर्क समजून घेण्यासारखा आहे.

नळी चेहऱ्यासमोर असते तेव्हा पट्टी काही किरण भिंगापूर्वीच शोषते, हे चांगले. पण नळी डोक्याच्या मागे जाते तेव्हा किरण आधी मेंदूतून आणि डोळ्यातून जातात आणि मग पट्टीवर येतात. रुग्णाने त्यांची किंमत मोजलेली असते आणि किरण टिपणाऱ्या संवेदकापर्यंत माहिती पोचण्याच्या ऐन क्षणी पट्टी ते किरण गिळते. ही नुकसानी भरून काढायची तर मात्रा वाढवावी लागते. त्याशिवाय पट्टीखाली प्रतिमेत रेघा उमटतात आणि प्रत्येक बिंदूचा घनतेचा आकडा सरकतो. परफ्यूजनमध्ये सगळे निदान त्या आकड्यातील अगदी थोड्या चढउतारावर उभे असते. तिथे असा सरकलेला आकडा मेंदूचा जिवंत भाग मेलेला किंवा मेलेला भाग जिवंत दाखवू शकतो. आणि पट्टी जर सुरुवातीच्या सपाट चित्रापूर्वीच ठेवली, तर स्वयंचलित नियंत्रणाला डोके अधिक घनदाट वाटते आणि ते प्रवाह वाढवते. सीडर्स-सायनायच्या त्या मांडणीत बिस्मथच्या पट्टीने भिंगाची मात्रा निम्मी झाली असती असे धरले, तरी ती दीड ते दोन ग्रे राहिली असती. उंबरठा ओलांडलाच असता. उलट डोळे झाकले आहेत या समाधानात पडद्यावरच्या आकड्याकडे आणखी दुर्लक्ष झाले असते, असे मानायला जागा आहे.

आच्छादनाऐवजी ज्या गोष्टी खरोखर उपयोगी पडतात त्या दिसायला साध्या आहेत. चौकट खोबणीच्या वर ठेवणे, गॅन्ट्री झुकवणे, विद्युतदाब आणि प्रवाह तपासणीपुरताच ठेवणे. ज्या तपासणीत डोळे टाळताच येत नाहीत, उदाहरणार्थ नाकालगतच्या पोकळ्यांचा सीटी, तिथे मुळातच फार कमी मात्रा पुरते, कारण हाड आणि हवा यांतला फरक खरखरीत प्रतिमेतही दिसतो. काही यंत्रांत नळी चेहऱ्यासमोरून जाताना प्रवाह उतरवण्याची आणि बाकीच्या फेरीत तो राखण्याची सोय आहे. बिस्मथचा हेतू ती कोणतीही वस्तू मध्ये न आणता साधते. यंत्रे जसजशी रुंद झाली तसा एक पेच मात्र वाढला आहे. १६ सेंटिमीटर रुंदीचा संवेदक संपूर्ण मेंदू एका दमात टिपतो, ही पक्षाघातात मोठीच सोय. पण एवढ्या रुंद पट्ट्यातून डोळे वगळणे चार सेंटिमीटरच्या पट्ट्यासारखे सोपे नाही. तिथे हनुवटी खाली घेण्याला आणि प्रवाह किमान ठेवण्याला दुप्पट महत्त्व येते. शिवाय पक्षाघाताच्या रुग्णाचा साधा सीटी, परफ्यूजन आणि रक्तवाहिन्यांचा सीटी असे तीन स्कॅन एकाच बैठकीत होतात, तेव्हा भिंगाचा हिशेब तिन्हींची बेरीज करूनच मांडायला हवा.

पुढे काय झाले

सीडर्स-सायनाय एकटे नव्हते. शोध सुरू झाल्यावर कॅलिफोर्नियातील इतर रुग्णालये आणि अलाबामातील एक रुग्णालय पुढे आले. यंत्रेही एकाहून अधिक कंपन्यांची होती. ऑक्टोबर २०१० अखेर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे सहा रुग्णालयांतील सुमारे ३८५ रुग्णांची नोंद होती. यंत्रे सूचनेनुसार वापरली असती तर अशी मात्रा गेली नसती, असा निष्कर्ष प्रशासनाने नोव्हेंबर २०१० मध्ये काढला, आणि त्याच वेळी उत्पादकांना सांगितले, की मात्रा धोक्याच्या पातळीवर जाणार असेल तर यंत्रानेच तसा इशारा द्यावा. त्यातून आलेली सोय आज नव्या यंत्रांवर सर्रास दिसते : मांडणीतील मात्रा ठरलेल्या पातळीवर गेली की पडद्यावर सूचना येते. परफ्यूजनसाठी ही सूचनेची पातळी भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने ६०० मिलिग्रे सुचवली, आणि १,००० मिलिग्रेला मोठा इशारा, जो ओलांडायचा तर नाव आणि कारण नोंदवावे लागते. कॅलिफोर्नियाने २०१० साली कायदाच केला, जो जुलै २०१२ पासून लागू झाला. त्यानुसार सीटीची मात्रा रुग्णाच्या अहवालात लिहिणे आणि मोठी चूक झाल्यास ती राज्य सरकारला, डॉक्टरला व रुग्णाला कळवणे बंधनकारक आहे.

डोळ्यांच्या बाजूने पाहता या इशाऱ्याला एक मर्यादा आहे, ती ध्यानात ठेवलेली बरी. यंत्राला चौकट कुठे आहे ते कळते, त्या चौकटीत डोळे आहेत हे कळत नाही. ५५० मिलिग्रेची मांडणी कोणतीही सूचना न येता चालेल, मग डोळे आत असोत वा बाहेर.

भारतात प्रत्येक सीटी यंत्राला मुंबईतील अणुशक्तीनगर येथे मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, ठरावीक काळाने गुणवत्तेच्या चाचण्या कराव्या लागतात आणि केंद्रात किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. यंत्र नीट आहे की नाही हे त्यातून कळते. मांडणीत भरलेला निर्देशांक किंवा हनुवटीचा कोन यांची जबाबदारी मात्र केंद्रावरच पडते, आणि लॉस एंजेलिसमध्येही यंत्र नादुरुस्त नव्हते. महाराष्ट्रात पुणे-मुंबईपासून जिल्ह्याच्या ठिकाणांपर्यंत पक्षाघातावर तातडीचे उपचार करणारी रुग्णालये वाढत आहेत. त्यांच्याकडे हे प्रकरण वाचायचे झाले तर दोन कागद समोर ठेवून वाचावे : आपल्या परफ्यूजनच्या मांडणीचे छापील पान, ज्यावर स्वयंचलित नियंत्रण चालू की बंद हे लिहिलेले असते, आणि गेल्या काही रुग्णांची सपाट चित्रे, ज्यावर ओढलेली चौकट दिसते. चौकट खोबणीत शिरली आहे का, हे ते चित्र पाहून कोणताही डॉक्टर सांगू शकेल. रुग्णाच्या नातेवाइकांना ऐन वेळी यातले काही विचारण्याची उसंत नसते आणि त्यांनी तपासणी थांबवावी असे तर अजिबात नाही; पक्षाघातात दर मिनिटाला सुमारे एकोणीस लाख चेतापेशी नष्ट होतात, असा प्रसिद्ध अंदाज आहे. मात्रेचे पान प्रतिमांच्या सीडीत असते, ते जपून ठेवणे आणि पुढच्या स्कॅनच्या वेळी दाखवणे एवढे त्यांच्या हातात आहे.

ज्यांच्या भिंगाला अशी मात्रा मिळून गेली आहे त्यांच्यासाठी प्रतिबंधक औषध नाही. नेत्रतज्ज्ञाने बाहुली विस्फारून स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर) वर्षातून एकदा भिंगाची पाठ पाहावी आणि नोंद ठेवावी, एवढाच पाठपुरावा शक्य असतो. पाठच्या आवरणाखालचा धूसरपणा दिसला तरी तो किरणांमुळेच, असे एका रुग्णापुरते छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण मधुमेह आणि स्टेरॉइड यांनीही तशाच जागी मोतीबिंदू येतो, आणि पक्षाघाताच्या वयातील माणसांत मधुमेह सर्रास असतो. नजर अडू लागली की शस्त्रक्रिया नेहमीचीच : धूसर भिंग काढून कृत्रिम भिंग बसवणे.